राजारामला किती झालं?

जुलै उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो बंद होतात आणि आकडे सुरू होतात. राजारामला किती, इरविनला किती, कोयना धरणातनं किती सोडलंय, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं किती चाललंय. बाहेरगावच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही म्हणून आधी सांगते. राजाराम म्हणजे कोल्हापूरजवळचा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, तिथं ३९ फूट झालं की इशारा पातळी आणि ४३ झालं की धोका. इरविन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा इरविन पूल, तिथं ४० आणि ४५. माझं माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठाला आणि सासर सांगलीत, त्यामुळं मला दोन्ही आकडे लागतात. माहेरचं गाव तर असं की कृष्णा पण आणि पंचगंगा पण, नरसोबावाडीला दोघी एक होतात आणि त्यांचं सगळं पाणी आमच्या अंगावरनंच पुढं राजापूर बंधाऱ्यातनं कर्नाटकात जातं.

गेली काही वर्षं मी या विषयाच्या मागंच लागलेय. सरकारी अहवाल वाचते, जलसंपदाच्या साइटवर रात्री दोनला विसर्ग बघते, तहसीलच्या बैठकीला गावातल्या बायकांना घेऊन जाते. हवामान बदलाशी जुळवून घ्यायचं असं सगळे म्हणतात. पण मला आता असं ठाम वाटायला लागलंय की आमच्याकडं माहितीची कमी नाही, पैशाची पण म्हणावी तेवढी नाही. कमी आहे ती एका खात्यानं दुसऱ्या खात्याला वेळेवर सांगण्याची, आणि त्या दुसऱ्यानं ते आमच्या गल्लीपर्यंत आमच्या भाषेत पोचवण्याची. समन्वय म्हणतात त्याला. शब्द लई कोरडा आहे पण त्याच्या अलीकडं आणि पलीकडं माणसं उभी आहेत.

२०१९ चं सांगते.

तोपर्यंत आमच्या भागात पुराचं माप म्हणजे २००५. त्या साली इरविनला ५३ फुटांच्या पुढं पाणी गेलेलं आणि आमच्या माहेरच्या घरी ते उंबऱ्याच्या खालच्या दुसऱ्या पायरीवर येऊन थांबलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हापासनं म्हणायचे, आपल्या घरात पाणी येत नसतंय. २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी रोज फोन करत होते, अण्णा निघा, सांगलीला या, आणि ते म्हणायचे, अगं २००५ ला एवढं येऊनसुद्धा पायरीवर थांबलं, आता त्याच्या वर कशाला जाईल, आणि म्हशी सोडून कुठं येऊ. हे फक्त माझे अण्णा नव्हते, कृष्णा-पंचगंगेच्या काठावर घरोघरी तेच चाललेलं, सगळ्यांनी २००५ ची खूण बघितली आणि सामान त्या खुणेच्या वीतभर वर ठेवलं. आणि पाणी इरविनला साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. राजारामला साडेपंचावन्न. आमच्या घरात खिडकीच्या गजापर्यंत. अण्णा, आई, दादा-वहिनी आणि दोन पोरं वरच्या पत्र्याच्या खोलीत दोन रात्री होती, लाइट नाही, फोनची बॅटरी संपलेली, आणि मी इकडं सांगलीत, आमच्याच मारुती चौकात पाणी, त्यामुळं मला पण हलता येईना. पाच म्हशींपैकी तीन गेल्या. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, ते आठवलं की अजून घास जात नाही.

नंतर मी विचारत बसले की हे कुणाला माहीत होतं? आणि उत्तर असं मिळालं की बऱ्याच जणांना थोडं थोडं माहीत होतं. हवामान खात्याला घाटावर किती पडणार याचा अंदाज होता. धरणावरच्या इंजिनिअरला त्याच्या धरणात किती येतंय ते माहीत होतं. आमच्या तालुक्याच्या एका कार्यालयात पाणी वाढणार असा मेसेज आलेला पण, आणि तो गावात पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी, तोपर्यंत आमच्या गावाचा रस्ता बंद झालेला. त्या मेसेजमध्ये लिहिलं काय होतं, तर "अमुक धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे." आता मला सांगा, शेणामातीत हात घातलेल्या माणसानं एक लाख क्युसेकचं काय करायचं? मी हिशोब करून बघितला, एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, दिवसभर वाहिलं तर साधारण ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं, म्हणजे अख्खं राधानगरी धरण (ते ८.३६ चं आहे) एका दिवसात रिकामं केल्यासारखं. असं सांगितलं असतं तर अण्णांनी म्हशी सोडल्या असत्या. ते राधानगरी ओळखतात, क्युसेक ओळखत नाहीत.

आता खाती मोजा. पाऊस मोजणारीच तीन. हवामान खातं वेगळं, जलसंपदाची पर्जन्यमापकं वेगळी, आणि कृषी खात्याची महावेधची केंद्रं वेगळी, ती राज्यात दोन हजारांच्या वर आहेत, महसूल मंडळागणिक, मुख्यतः पीकविम्यासाठी बसवलेली. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदानं रिअल टाइम डेटाची सिस्टीम पण बसवलीय, चांगली आहे, मी रोज बघते. धरणाचे दरवाजे जलसंपदाकडं, पण कोयनेची वीज महानिर्मितीकडं. गाव रिकामं करायचा अधिकार महसूलकडं, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याची जबाबदारी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडं आणि राज्याची मुख्यमंत्र्यांकडं दिलीय. बोटी आणि जवान एनडीआरएफचे, त्यांची आपल्याला जवळची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. सबस्टेशन महावितरणचं. पिण्याचं पाणी महापालिकेचं नाहीतर ग्रामपंचायतीचं. पूल पीडब्ल्यूडीचा, हायवे केंद्राचा. जनावरं पशुसंवर्धनकडं. आणि हवामान बदल हा विषय म्हणून बघाल तर तो मंत्रालयात पर्यावरण खात्याकडं, ज्याचं नावच आता पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग केलंय. यातलं प्रत्येक खातं आपापलं काम करतं, मी कुणाला आळशी म्हणत नाही, पुरात पाण्यात उतरलेले तलाठी आणि लाइनमन मी डोळ्यांनी बघितलेत आणि त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण पाणी खात्याखात्यानं येत नाही ना. ते महाबळेश्वरला पडतं, धोम-कण्हेर-उरमोडीतनं येतं, कऱ्हाडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा मिळते, नरसोबावाडीला पंचगंगा मिळते, आणि वाटेत कुठंही थांबून हे कुणाच्या टेबलाचं काम म्हणून विचारत नाही.

कोल्हापूर शहराचं उदाहरण तर डोळ्यासमोरच आहे. २०१९ ला शहराच्या चारी बाजूनं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण पाणी उपसा केंद्रंच पाण्याखाली गेलेली. हायवे शिरोलीजवळ बंद, ट्रकांच्या रांगा, पेट्रोल नाही, दूध नाही. बरं २०२१ ला काय झालं, तर पुन्हा उपसा केंद्रं पाण्याखाली. दोन वर्षांत तीच गोष्ट दोनदा. केंद्र उंचावर न्यायचं असेल तर पैसे नगरविकासचे, जागा महसूलची, वीज महावितरणची आणि पूर किती उंच येईल याचा आकडा जलसंपदाचा. चौघं एका खोलीत बसून एकच आकडा मान्य करेपर्यंत मोटरची जागा हलत नाही.

आणि आकडा कुठला मान्य करायचा हाच तर सगळा घोळ आहे, कारण जुने आकडे आता चालेनात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ मध्ये मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्यात. हे वाचलं तेव्हा मला कागदावरचं वाटलेलं, पण २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसांत तिकडं चिपळूण बुडालं, महाडचं तळीये डोंगराखाली गेलं आणि इकडं राजारामला ५६ फुटांच्या पुढं, म्हणजे २०१९ च्या पण वर. सांगलीला मात्र २०१९ पेक्षा कमी राहिलं. २०१९ चा पाऊस रोज रोज लागून राहिला, पाणी हळूहळू फुगत गेलं आणि आठवडाभर हललं नाही. २०२१ चं दोन दिवसांत आलं. म्हणजे दोन पूर एकसारखे नाहीत, एका पुरातनं शिकलेलं दुसऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही, आणि आम्ही गाववाले जसे २००५ च्या खुणेवर विसंबलो तसे सरकारी आराखडे पण मागच्याच पुराच्या मापानं बनतात. अण्णांची चूक आणि आराखड्याची चूक एकच आहे.

आता धरणाकडं येते, कारण पूर आला की सगळे धरणवाल्यांना शिव्या घालतात आणि मी पण घातल्यात, आता मात्र घालत नाही. कोयना १०५.२५ टीएमसीचं धरण, वारणा ३४.४०. दोन्हीचं मुख्य काम वीज आणि शेती, पूर अडवणं हे त्यांच्या जन्माचं काम नव्हे. पावसाळा संपताना धरण भरलेलं पाहिजे हा नियम, आणि तो बरोबर पण आहे कारण पुढचे आठ महिने पाणी त्यावरच. राधानगरीचं तर अजून वेगळं, शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, तिथं माणसाच्या हातात काहीच नाही. समजा जुलैच्या शेवटी कोयना ८०-८५ टीएमसीवर आहे आणि हवामान खातं म्हणतंय चार दिवसांनी घाटावर रेड अलर्ट. आता इंजिनिअरनं आधीच पाणी सोडून जागा करायची का? सोडलं आणि पाऊस आलाच नाही तर?

हे "आलाच नाही तर" खोटं नाही बरं. २०२३ चा ऑगस्ट आठवा, देशात १९०१ पासून सगळ्यात कोरडा गेलेला ऑगस्ट. त्या वर्षी कोयना भरलीच नाही. ऑक्टोबरमध्ये सरकारनं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात आमच्या सांगली जिल्ह्यातला मिरज तालुका पण होता, जो २०१९ ला आणि २०२१ ला पुरात होता! तोच तालुका, तेच तहसीलदार कार्यालय, चार वर्षांत दोन पूर आणि एक दुष्काळ. त्या वर्षी सांगलीला नदी कोरडी पडायला लागली म्हणून कोयनेतनं पाणी सोडा अशी आंदोलनं झालेली. मग त्या वर्षी आधीच पाणी सोडून जागा केलेल्या इंजिनिअरला कुणी पाठीशी घातलं असतं का? नसतं घातलं. म्हणून तो दरवाजाच्या चाकाला हात लावताना थांबतो आणि मला त्याचं थांबणं समजतं. हा निर्णय एकट्या माणसाच्या सहीचा असूच नये. हवामान खात्यानं अंदाज द्यावा आणि तो किती टक्के खात्रीचा ते पण सांगावं, वीजवाल्यांनी सांगावं आम्ही किती कमी घेऊ शकतो, शेतीवाल्यांनी सांगावं किती टीएमसीवर आमचं भागेल, आणि पुढं पाऊस नाही आला तर तो तोटा कुणी सोसायचा हे आधीच, मे महिन्यात, शांत डोक्यानं लिहून ठेवावं. तसं लिहिलेलं असेल तर जुलैच्या रात्री त्या माणसाचा हात कापणार नाही.

आणखी एक गोष्ट मला कायम बोचते. २०१९ ला मी सांगलीत पाण्यात अडकलेले तेव्हा याच जिल्ह्यात जतला टँकर चालू होते. एका जिल्ह्यात, एका आठवड्यात. म्हैसाळ, टेंभू, ताकारीच्या उपसा योजना आहेत, पुराचं पाणी उचलून तलाव भरून घ्या अशी मागणी दरवर्षी होते. थोडं उचललं पण जातं. त्यानं पूर कमी होत नाही, पुराच्या मानानं पंप म्हणजे चमचा आहे, हे मला कळतं. पण जतच्या बाईच्या डोक्यावरची घागर तर उतरते. अडतं कुठं, तर विजेचं बिल कुणी भरायचं. पुराच्या खात्यात ते बसत नाही कारण ते दुष्काळाचं काम आणि दुष्काळाच्या खात्यात जुलैत पैसे नसतात. हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणजे ही दोन खाती एका वहीत आणणं, असं मी तरी धरून चाललेय.

अलमट्टीवर बोलल्याशिवाय आमच्याकडं कुणी चहा पण पीत नाही. सांगलीत, शिरोळमध्ये शंभरातली नव्वद माणसं म्हणतात पूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळं येतो. २०१९ नंतर सरकारनं निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली, तिनं २०२० मध्ये अहवाल दिला आणि त्यात २०१९ च्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही असा निष्कर्ष काढला, नदीकाठची अतिक्रमणं वगैरेवर बोट ठेवलं. इथल्या बऱ्याच लोकांना ते पटलेलं नाही, आजही नाही. आणि आता कर्नाटकला उंची ५१९.६ वरनं ५२४.२५६ मीटर करायचीय, कृष्णा लवादानं २०१० ला तशी मुभा दिलेली, महाराष्ट्राचा विरोध आहे, २०२५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पण लिहिलं. माझं मत विचाराल तर उंची वाढू नये, आमच्या गावच्या डोक्यावर अजून एक शंका नको. पण मी त्याच्यापेक्षा जास्त एका गोष्टीला धरून आहे. २०२१ च्या जूनमध्ये तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले आणि पावसाळ्यात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी विसर्गाची माहिती सतत एकमेकांना द्यायची असं ठरलं. पुढच्याच महिन्यात पूर आला. पूर थांबला नाही, पण इकडचे इंजिनिअर आणि तिकडचे इंजिनिअर रोज बोलत होते, अलमट्टीतनं किती चाललंय हा आकडा आमच्याकडं तासातासाला येत होता. २०१९ ला तिथनं पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग गेलेला, पण तो आकडा गाठेपर्यंत पत्रं, फोन, राजकारण, किती दिवस गेले ते आमच्या घरच्यांनी पत्र्याच्या खोलीत बसून मोजलेत. भांडण कोर्टात चालू दे, लवादात चालू दे, पण फोन चालू पाहिजे. आणि तो मंत्र्यांच्या ओळखीवर नको, मंत्री बदलतात. कागदावर पाहिजे, की अमुक पाऊस झाला तर अमुक तासात कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याची आणि अलमट्टीची पातळी अमुकवर आणायची, आणि ते ठरवणारं दोन्ही राज्यांचं एक कायमचं ऑफिस पाहिजे, बाराही महिने उघडं असणारं.

ओडिशाचं मी मुद्दाम वाचलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं जवळपास दहा हजार माणसं गेली. त्याच वर्षी त्यांनी आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं, देशात तसं पहिलंच. २०१३ ला फायलीन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले. २०१९ च्या मे महिन्यात फणी आलं, बारा लाखांच्या आसपास हलवले, आणि गेलेल्यांचा आकडा हजारात नाही तर काही डझनांत राहिला. फणी मे मधलं आणि आमचा पूर ऑगस्टमधला, एकाच वर्षी! त्यांनी काही जादू केली नाही. गावागावात निवारे बांधले, कुणी कुणाला उठवायचं हे गावपातळीवर ठरवलं, पोरांना शिकवलं, आणि दरवर्षी वादळाच्या आधी ते करून बघितलं, वादळ नसताना. आमच्याकडं पूर नसताना काय होतं? पंचनामे, सानुग्रह अनुदान, मग दिवाळी, मग ऊसतोड, मग निवडणूक कुठली तरी असतेच, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक. त्या बैठकीला मी तीनदा गेलेय. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, टॉर्च किती. चांगलंच आहे ते. पण दर वेळी अर्धे अधिकारी नवीन असतात, बदली होऊन आलेले, त्यांना शिरोळचा रस्ता पण माहीत नसतो. मागच्या पुरात कुठली गल्ली आधी बुडली, कुठल्या शाळेत माणसं नेली, कुठल्या शाळेत संडास नव्हते म्हणून बायका दोन दिवस जेवल्या नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? ते ज्ञान फायलीत नाही, जुन्या तलाठ्याच्या डोक्यात होतं आणि तो रिटायर झाला.

उन्हाळ्यातलं काम म्हणजे पूररेषेचं पण. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येणारा. आखते जलसंपदा, बांधकामाची परवानगी देते महापालिका, बिनशेती करतं महसूल, आणि वीज-नळ कनेक्शन देणारा कुणी रेषा बघतच नाही. प्लॉट घेणाऱ्या गरीब माणसाला कुणी सांगत नाही की दादा हे निळ्यात आहे. त्यात रस्त्यांचे भराव. पुराचं पाणी शेताशेतातनं पसरून पुढं सरकायचं, आता मध्ये वीस फुटांचा भराव आणि चार मोऱ्या, पाणी तुंबतं आणि वरच्या गावात चढतं. रस्ता पाहिजेच, आम्हाला पण पाहिजे, पण रस्त्याचं डिझाइन करणाऱ्यानं पुराचा नकाशा मागून घ्यायला काय हरकत आहे. पुनर्वसनाचं पण तसंच, कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिली, तरी पुढच्या प्रत्येक पुरात बातम्यांमध्ये त्याच गावांची नावं, कारण शेत, गोठा, देव सगळं खालीच, आणि जागा देणाऱ्या खात्याकडं गोठ्याचा विचार करणारं कुणी नसतं.

काही चांगलं पण चाललंय, ते सांगायलाच हवं. जागतिक बँकेच्या मदतीनं कृष्णा खोऱ्याच्या पूर व्यवस्थापनाचा सुमारे ३२०० कोटींचा कार्यक्रम आलाय, तो मित्रा या राज्याच्या संस्थेमार्फत चालवायचाय, म्हणजे निदान एका छताखाली आणायचा विचार तरी झाला. पुराचं जास्तीचं पाणी भीमा खोऱ्याकडं, दुष्काळी भागाकडं वळवायचं असं त्यात मोठं काम आहे. बोगदे होतील तेव्हा होतील. माझं मागणं एवढंच की त्या ३२०० कोटींतले थोडे, अगदी थोडे, गावातल्या शेवटच्या माणसापर्यंत निरोप पोचवण्यावर खर्च करा.

कारण आम्ही ते करून बघितलंय. २०२१ नंतर गावातल्या आम्ही आठ-दहा जणींनी आणि दादाच्या तरुण मंडळानं मिळून एक तक्ता केला. प्रत्येक घरी जाऊन विचारलं, २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला तुमच्याकडं पाणी कधी आलं, कुठल्या बाजूनं आलं, तेव्हा राजारामला किती होतं आणि वाडीला किती होतं. म्हाताऱ्यांना तारीख आठवत नव्हती पण नागपंचमीच्या आदल्या दिवशी, वाडीला दक्षिणद्वार झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी, असं बरोबर आठवत होतं. (दक्षिणद्वार म्हणजे वाडीच्या दत्त मंदिरात दक्षिणेच्या दारानं पाणी बाहेर पडतं तो सोहळा, आमच्याकडं तेच पुराचं पहिलं कॅलेंडर.) ते सगळं जुन्या पेपरातल्या रोजच्या आकड्यांशी जुळवलं. त्यातनं एक भिंतीवर रंगवायचा तक्ता झाला. राजारामला अमुक आणि वाडीला अमुक झालं की ओढ्यावरचा पूल जाणार. अजून दोन फूट वाढलं की खालच्या गल्लीची जनावरं हलवायची. त्याच्या वर गेलं की शाळेत जायचं, ह्या शाळेत नाही, वरच्या हायस्कूलमध्ये. शेवटच्या ओळीत लिहिलंय, २०१९ च्या वरपण जाऊ शकतं. त्या ओळीवरनं गावात भांडण झालं, अशुभ लिहिता म्हणून. अण्णाच उभे राहिले आणि म्हणाले, "लिहू दे पोरींना. मी खूण बघून बसलो आणि तीन म्हशी घालवल्या."

तलाठी आले, बघितलं, फोटो काढून घेऊन गेले. नवीन तहसीलदार मॅडमनी तो तक्ता बैठकीत सगळ्यांना दाखवला आणि विचारलं की असा इतर गावांचा पण करता येईल का. जलसंपदाचे एक शाखा अभियंता स्वतः गावात आले आणि आमचे दोन आकडे चुकलेत ते दुरुस्त करून दिले, खाली बसून, पाटीवर. त्यांनी आम्हाला सांगितलं की वारणेचा विसर्ग वाढला की तुमच्याकडं परिणाम थोडा उशिरा दिसतो, ते यात धरलेलं नाही. आम्ही त्यांना सांगितलं की ओढ्याच्या मोरीत कचरा अडकला की तुमच्या नकाशापेक्षा दीड फूट जास्त चढतं. दोघांनी आपापल्या वहीत लिहून घेतलं. तासाभराचं काम होतं. त्या तासासाठी आम्हाला २००५ पासनं थांबावं लागलं.

या पावसाळ्यात परवा रात्री साडेअकराला दादाचा मेसेज आला. "राजारामला ४१. वाडीला पण वाढतंय. खालच्या गल्लीतली जनावरं हलवायला घेतली, आपल्या दोन्ही म्हशी माळावर बांधल्यात. अण्णा पहिल्यांदा स्वतःहून गाडीत बसले." मी उठून गॅसवर चहा ठेवला आणि जलसंपदाची साइट उघडली, कोयनेचे सहा वक्र दरवाजे किती फुटांवर आहेत ते बघायला.